गंगाखेडच्या विद्यार्थ्याने सुराबायाला का जावे?

दख्खनमधल्या मुस्लिम समाजाविषयी गंभीरपणे वाचायला बसले, की समोर येणारी बरीचशी महत्त्वाची पुस्तके परदेशातून इथे येऊन राहिलेल्या अभ्यासकांची असतात. विजापूरच्या सुफींवर रिचर्ड ईटन यांनी १९७८ मध्ये लिहिले, तर खुलताबादच्या सुफी परंपरेवरचा कार्ल अर्न्स्ट यांचा ‘इटर्नल गार्डन’ १९९२ मध्ये आला. हे दोघेही अमेरिकी. औरंगाबादच्या सुफींवर २००६ मध्ये ग्रंथ लिहिणारे नाइल ग्रीन ब्रिटनमध्ये शिकलेले. शेख महंमद, शहामुनी यांसारख्या मुसलमान मराठी संतकवींचा मागोवा घेत महाराष्ट्रातल्या गावांत काम करणारे दुशान देआक स्लोव्हाकियाचे. या सगळ्यांनी इथल्या भाषा शिकून घेतल्या, दर्ग्यांच्या मुजावरांशी बोलून त्यांचा विश्वास मिळवला, जुनी हस्तलिखिते वाचली. त्यांच्या कष्टांबद्दल कृतज्ञताच वाटायला हवी. पण याच हिशेबाची दुसरी बाजू पाहिली, की मन अस्वस्थ होते. मराठवाड्यातली किती मुले-मुली इंडोनेशियातल्या, तुर्कस्तानातल्या किंवा मोरोक्कोतल्या समाजात काही महिने राहून, तिथली भाषा शिकून, काही समजून घेऊन परत आली? परदेश सोडा, आपल्याच तालुक्यातल्या मुस्लिम वस्तीत नीट तयारीने जाऊन चार आठवडे अभ्यास करण्याची संधी किती जणांना मिळाली? माझे म्हणणे असे, की ही संधी पदवीच्या अभ्यासक्रमातच मिळाली पाहिजे, तिचा खर्च सरकारने आणि विद्यापीठाने उचलला पाहिजे, आणि तिची सुरुवात गंगाखेडसारख्या गावातून व्हायला हवी.

परदेशी विद्यार्थ्यांना हे जमते ते त्यांच्याकडे काही वेगळी बुद्धी असते म्हणून नव्हे. त्यांच्या शिक्षणव्यवस्थेने त्याची सोय करून ठेवलेली असते. अमेरिकेतल्या मिडवेस्ट भागातल्या महाविद्यालयांच्या संघटनेने १९६९ मध्ये पुण्यात भारत अभ्यासक्रम सुरू केला आणि तो पुढे अनेक दशके चालवला. त्यात येणारी मुले पीएच.डी.ची नव्हती. ती पदवीच्या वर्गातली, विशीतली मुले होती. पुण्यातल्या मराठी कुटुंबांत राहायचे, रोज मराठीचा तास करायचा आणि शेवटी स्वतः निवडलेल्या विषयावर स्वतंत्र प्रकल्प करायचा, असा तो क्रम होता. त्यातल्या सगळ्याच मुलांनी पुढे संशोधन केले नसेल. पण आपल्याला परक्या असलेल्या समाजात पाहुणा म्हणून कसे राहायचे, प्रश्न कसा विचारायचा आणि उत्तर ऐकताना आपले आधीचे मत बाजूला कसे ठेवायचे, हे ती शिकून गेली. आता आपल्याकडेही नव्या शैक्षणिक धोरणाच्या चौकटीत पदवीला फील्ड प्रोजेक्ट आणि कम्युनिटी एंगेजमेंट असे श्रेयांक आले आहेत. म्हणजे दार उघडलेले आहे. अडचण अशी, की तयारी, मार्गदर्शन आणि पैसा यांतले काहीच नसल्यामुळे अनेक ठिकाणी या प्रोजेक्टचा अर्थ नेटवरून उतरवलेली पंचवीस पाने आणि स्पायरल बाइंडिंग एवढाच उरतो. जे श्रेयांक आधीच मंजूर आहेत त्यांत खरे काम भरणे हे नवा विभाग उघडण्यापेक्षा कितीतरी सोपे आहे.

गंगाखेडच का, असे कोणी विचारील. गोदावरीकाठचे हे गाव संत जनाबाईंचे जन्मगाव म्हणून महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण हेच गाव १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. कचेरीत उर्दू आणि घरात मराठी अशी इथल्या पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती, आणि १९१८ मध्ये हैदराबादला सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणाचे माध्यमच उर्दू होते. परभणी जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार साधारण दर सहा माणसांत एक मुसलमान आहे. राज्यात हे प्रमाण साडेअकरा टक्क्यांच्या आसपास आहे. दर फेब्रुवारीत परभणीत सय्यद शाह तुराबुल हक यांचा उरूस भरतो आणि जिल्हाभरातली सर्व धर्मांची माणसे त्याला जातात. मराठवाड्याच्या अनेक खेड्यांत मोहरमच्या सवाऱ्या उठतात तेव्हा त्या खांद्यावर घेणाऱ्यांत हिंदू घरांतली माणसेही असतात. पिराला कंदुरी करण्याचा नवस कुणब्याच्या घरी बोलला जातो. तेव्हा पहिला आक्षेप इथेच उभा राहतो: आम्ही शेकडो वर्षे शेजारी राहतो, एकमेकांच्या लग्नाला जातो, एकमेकांच्या दुकानातून माल घेतो, मग त्यात अभ्यास करण्यासारखे काय आहे? हा आक्षेप मनापासून केला जातो, म्हणून त्याचे उत्तरही मनापासून द्यायला हवे. सोबत राहणे आणि ओळखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेजारामुळे सवय होते, आणि सवय झाली की प्रश्न पडेनासे होतात.

याचा पुरावा कोणत्याही जुन्या प्राथमिक शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरमध्ये सापडेल. हिंदू विद्यार्थ्यांच्या नावापुढे जातीच्या रकान्यात मराठा, कुणबी, धनगर, वंजारी, महार, मांग असे काहीतरी लिहिलेले असते. मुसलमान विद्यार्थ्यापुढे मात्र बहुतेक वेळा एकच शब्द असतो: मुसलमान. गुरुजींनी तो वाईट हेतूने लिहिला नाही. त्यांना तेवढेच दिसत होते. पण त्या एका शब्दाखाली बागवान, तांबोळी, अत्तार, मणियार, पिंजारी, मुलाणी, मोमीन, फकीर, कुरेशी असे कितीतरी समाज झाकले गेले. त्यांचे धंदे वेगळे, बेटीव्यवहार वेगळे आणि गावगाड्यातली पायरीही वेगळी. पुढे जालन्याच्या शब्बीर अन्सारी यांनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली आणि १९९४ मध्ये महाराष्ट्र सरकारने मुसलमानांतल्या मागास जातींना इतर मागासवर्गाच्या सवलती लागू करण्याचा निर्णय घेतला. आता जातीचा दाखला काढायचा तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. मुलगा तहसीलच्या सेतू केंद्रात जातो, आजोबांचा निर्गम उतारा पुढे करतो, आणि त्या उताऱ्यावर जात लिहिलेलीच नसते. मग महसुली कागद, जुने खरेदीखत, नातेवाइकांचे दाखले यांसाठी वणवण सुरू होते. शेजारी राहूनही आपण काय पाहिले नाही, त्याची किंमत साठ वर्षांनंतर एका मुलाला फीसवलत गमावून मोजावी लागते. गंगाखेडच्या समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी एका वर्षात तालुक्यातल्या दहा शाळांची जुनी रजिस्टरे पाहून, त्या कुटुंबांशी बोलून एवढी एकच गोष्ट नोंदवली, तरी ते अस्सल ज्ञान ठरेल आणि लोकांच्या उपयोगीही पडेल. इतिहासकाराला, तहसीलदाराला आणि दाखल्यासाठी फिरणाऱ्या बापाला, अशा तिघांनाही ते हवे आहे.

समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास भारतीय समाज पाहण्याच्या दोन रीती सांगत: एक ग्रंथांतून दिसणारी आणि एक प्रत्यक्ष गावात जाऊन दिसणारी. चार वर्णांची रचना पोथीत दिसते. गावात दिसतात शेकडो जाती आणि त्यांचे बदलते संबंध. हिंदू समाजाच्या बाबतीत हा फरक आपल्या पाठ्यपुस्तकांनी आता मान्य केला आहे. मुस्लिम समाजाच्या बाबतीत मात्र आपण अजून पोथीतच अडकलो आहोत. कुराणात काय लिहिले आहे, हदीस काय म्हणते, यावरून शेजारच्या गल्लीतला माणूस कसा वागेल याचा अंदाज बांधायची घाई सगळ्यांनाच असते. टीका करणाऱ्यांना असते तशी कौतुक करणाऱ्यांनाही. १९७३ मध्ये इम्तियाज अहमद यांनी भारतीय मुसलमानांतल्या जातींवरचा निबंधसंग्रह संपादित केला, तो या घाईवरचा उतारा होता. त्यातला प्रत्येक निबंध एका ठरावीक ठिकाणच्या ठरावीक समाजाविषयी होता. मराठवाड्याच्या प्रत्येक तालुक्याला असा एकेक निबंध हवा आहे, आणि तो लिहायला बाहेरून कोणी येण्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही.

पण मग परदेश कशाला? तालुक्यातच एवढे काम पडले असेल तर ते करू, असेही कोणी म्हणेल. त्याचे उत्तर तालुक्यातूनच मिळते. परभणी, नांदेड, औरंगाबाद या पट्ट्यात चाऊस आडनावाची कुटुंबे आहेत. त्यांचे पूर्वज आजच्या येमेनमधल्या हद्रमौत प्रांतातून निजामाच्या फौजेत नोकरीला आले, इथे स्थिरावले आणि दोन-चार पिढ्यांत मराठवाड्याचे झाले. हद्रमौतची माणसे फक्त हैदराबादलाच आली नाहीत. ती समुद्रमार्गे पूर्व आफ्रिकेत गेली आणि जावा बेटावरही गेली. इंडोनेशियातल्या सुराबाया शहरात आम्पेल नावाची जुनी अरब पेठ आहे, तिथे याच मुलखातून आलेल्यांचे वंशज आजही राहतात आणि व्यापार करतात. म्हणजे परभणी जिल्ह्यातल्या एखाद्या चाऊस कुटुंबाची कहाणी लिहायला घेतलेली विद्यार्थिनी प्रामाणिकपणे धागा धरून निघाली, तर तो धागा तिला आधी हैदराबादला आणि मग हिंदी महासागरापलीकडे नेतो. एकाच मुलखातून निघालेली माणसे एका ठिकाणी सैनिक झाली, दुसऱ्या ठिकाणी व्यापारी. एका ठिकाणी दखनी बोलू लागली, दुसऱ्या ठिकाणी जावानीज आणि इंडोनेशियन. असे का झाले, हा प्रश्न दोन्ही ठिकाणे पाहिलेल्या माणसालाच नीट पडतो. येमेन, इराक अशा देशांतले विद्यार्थी वर्षानुवर्षे औरंगाबाद आणि पुण्याच्या विद्यापीठांत शिकत आले आहेत. जग आपल्या वर्गात येऊन बसले होते. त्यांच्या गावी जाऊन चार गोष्टी विचाराव्यात, अशी सोय मात्र आपण आपल्या मुलांसाठी केली नाही.

परदेशातल्या क्षेत्रकार्याचे सर्वांत मोठे काम हे, की धर्म कुठे संपतो आणि जात, गरिबी, कायदा, राज्यसंस्था कुठे सुरू होतात ते ओळखण्याची सवय त्यातून लागते. क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी मोरोक्को आणि इंडोनेशिया या दोन देशांत राहून काम केले आणि १९६८ मध्ये ‘इस्लाम ऑब्झर्व्ड’ हे छोटे पुस्तक लिहिले. धर्म एक, ग्रंथ एक. पण दोन देशांत संतपणाची कल्पना, सत्तेशी असलेले नाते, भक्तीची रीत सगळेच वेगळे, हे त्यांनी दाखवले. आपल्या वादांच्या दृष्टीने याचा अर्थ फार मोलाचा आहे. एकाच उदाहरणावर थोडे थांबू. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रियांनी मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, ही त्यांची मागणी होती. सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तलाक रद्द ठरवला तो २२ ऑगस्ट २०१७ रोजी. दरम्यानच्या पन्नास वर्षांत ‘हा इस्लामचा गाभा आहे, याला हात लावता येणार नाही’ असे एका बाजूने आणि ‘इस्लाम असाच आहे, तो बदलूच शकत नाही’ असे दुसऱ्या बाजूने म्हटले गेले. जगात सर्वांत जास्त मुसलमान ज्या देशात राहतात त्या इंडोनेशियाने १९७४ च्या विवाह कायद्यात घटस्फोट न्यायालयासमोरच झाला पाहिजे असे ठरवले होते. पाकिस्तानने १९६१ च्या वटहुकमाने तलाकची लेखी सूचना द्यायला लावली होती. या गोष्टी पुस्तकात वाचता येतातच. पण योग्याकार्तातल्या धार्मिक न्यायालयाच्या बाकावर बसून, तिथे अर्ज घेऊन आलेल्या बायकांशी बोलून परत आलेली गंगाखेडची मुलगी जेव्हा गावात बोलेल, तेव्हा दोन्ही बाजूंची गृहीतके हलतील. कायदा झाला म्हणून तिथल्या बायकांचे सगळे प्रश्न सुटले नाहीत, हेही तीच सांगेल. कोणत्याही प्रचारपत्रकात सापडणार नाही असे हे ज्ञान आहे.

त्याच योग्याकार्तात १९१२ मध्ये मुहम्मदिया ही संघटना स्थापन झाली आणि तिने शाळा, दवाखाने, पुढे विद्यापीठे उभी केली. १९१७ पासून तिची स्त्रियांची शाखा काम करते आहे. १९२६ मध्ये जावातच उभ्या राहिलेल्या नहदतुल उलमाने पारंपरिक मदरसे आणि संतांच्या कबरींभोवतीची लोकपरंपरा जपली. दोन्हींचे कोट्यवधी सभासद आहेत, दोघांत मतभेद आहेत आणि दोन्ही स्वतःला अस्सल मुसलमान म्हणवतात. प्रंबाननच्या प्राचीन मंदिरापुढे १९६१ पासून रामायणाचे नृत्यनाट्य होते, आणि त्यातले बहुसंख्य कलाकार मुसलमान असतात. हे पाहून ‘बघा, तिथले मुसलमान किती चांगले’ असा निष्कर्ष काढला तर तो पुन्हा आळसच होईल. इंडोनेशियातही अल्पसंख्याकांवर हल्ले झाले आहेत, कडवे गट तिथेही आहेत. अभ्यासाचा प्रश्न वेगळा आहे: कोणत्या परिस्थितीत एखादा समाज जुने सोबत ठेवून नवे घेतो, आणि कोणत्या परिस्थितीत तो स्वतःला बंद करून घेतो? परभणीच्या उरुसात, गंगाखेडच्या बाजारात, मोहल्ल्यातल्या उर्दू शाळेत हाच प्रश्न उभा आहे. तुलनेला दुसरे ठिकाण नसेल तर तो दिसतच नाही.

ही सारी कल्पना पाश्चात्त्यांकडून उसनी आणलेली आहे, असे समजण्याचे कारण नाही. पैठणचे एकनाथ सोळाव्या शतकात हिंदू आणि तुर्क यांचा संवाद रचतात, दोघांना एकमेकांवर सडेतोड आक्षेप घेऊ देतात आणि शेवटी समेटावर आणतात. समोरच्याचे म्हणणे काय आहे ते ऐकल्याशिवाय असे लिहिता येत नाही. निजामाच्या प्रशासनात नोकरी केलेल्या, निलंग्याच्या सेतुमाधवराव पगडी यांनी उर्दू-फार्सीवर प्रभुत्व मिळवले आणि १९५३ मध्ये ‘सूफी संप्रदाय’ मराठीत आणला. रा. चिं. ढेरे यांनी १९६७ मध्ये ‘मुसलमान मराठी संतकवी’ लिहिला, आणि त्यामागे गावोगावच्या मठ-दर्ग्यांची आणि हस्तलिखितांची ओळख होती. हमीद दलवाई पत्रकार म्हणून देशभरातल्या मुस्लिम वस्त्यांत फिरले आणि त्यांनी भारतीय मुस्लिम मनाचा कानोसा घेतला. अलीकडे सोलापूरचे फकरुद्दीन बेन्नूर आणि औरंगाबादचे यू. म. पठाण यांनी मराठीतूनच हे काम पुढे नेले. ही आपली परंपरा आहे. पण ती आजवर व्यक्तींच्या हौशीवर आणि जिद्दीवर चालली. तिला अभ्यासक्रमाचा आधार मिळाला नाही, म्हणून एक माणूस गेला की काम थांबते.

आता अधिक गंभीर आक्षेप. अभ्यास फक्त मुसलमानांचाच का, त्यांना प्रयोगशाळेतला नमुना का बनवायचे, आधीच संशयाने पाहिल्या जाणाऱ्या समाजाच्या घरात आणखी एक वही-पेन घेऊन कशाला जायचे? हा आक्षेप इतिहासाच्या बाजूने भक्कम आहे. डच विद्वान स्नूक हुर्गरोन्ये १८८४-८५ मध्ये अरबस्तानात गेले, मुसलमान नाव घेऊन मक्केत राहिले, त्यांनी मोलाचे ग्रंथ लिहिले. आणि पुढे आचेच्या युद्धात त्यांनी आपले ज्ञान डच वसाहती सरकारच्या सेवेला वाहिले. माहिती गोळा करणारा माणूस कोणासाठी ती गोळा करतो, हा प्रश्न म्हणूनच पहिल्याच तासाला विचारला पाहिजे. ज्यांच्याकडे जायचे त्यांना हेतू स्पष्ट सांगायचा, त्यांनी नाही म्हटले तर उंबऱ्यावरूनच परत फिरायचे, नावे गुप्त ठेवायची आणि लिहिलेले त्यांना आधी वाचून दाखवायचे, हे नियम मार्काइतकेच सक्तीचे हवेत. दुसरी गोष्ट, या कामात मुस्लिम विद्यार्थी माहिती देणारे म्हणून नव्हे, संशोधक म्हणून असले पाहिजेत. बागवानाच्या मुलीने जनाबाईंच्या परंपरेचा आणि वारकरी दिंडीचा अभ्यास करावा, बौद्ध मुलाने उर्दू शाळेचा करावा, मराठा मुलाने चाऊस कुटुंबाचा करावा, वंजारी मुलीने ऊसतोडीच्या टोळीतल्या मुस्लिम मजुरांचा करावा. विषय मुस्लिम समाजापासून सुरू केला तो एवढ्यासाठीच, की आज सर्वांत जास्त बोलले जाते त्याच्याविषयी आणि सर्वांत कमी विचारले जाते त्याला.

दुसऱ्या बाजूचाही आक्षेप आहे. असे अभ्यास म्हणजे सलोख्याची गोड गाणी होतात, रझाकारांचे अत्याचार विसरायला लावतात, कडवेपणावर पांघरूण घालतात, असे अनेकांना वाटते. मराठवाड्यात ही जखम खरी आहे. रझाकारांचा नेता कासिम रझवी लातूरला वकिली करत होता. त्याच्या संघटनेने काय केले याच्या आठवणी घराघरांत आहेत. त्या नोंदवल्याच पाहिजेत. पण खरे क्षेत्रकार्य तिथे थांबू देत नाही. ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्लाह खान यांनी हैदराबाद भारतात विलीन व्हावे म्हणून लिहिले आणि ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनीच त्यांचा खून केला, हेही मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात येते. पोलीस कारवाईनंतर मुस्लिम वस्त्यांवर जे ओढवले, त्याची चौकशी भारत सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने केली, आणि तो अहवाल अनेक दशके लोकांसमोर आला नाही, हेही येते. दोन्ही बाजूंची वृद्ध माणसे आता फार थोडी उरली आहेत. त्यांची साक्ष नोंदवायची तर ती आजच्या विद्यार्थ्यांनीच नोंदवायला हवी. हे काम कोणाच्या समाधानासाठी करायचे नाही. सत्य जसे आहे तसे, सगळ्या गुंत्यासकट समोर मांडणे हेच क्षेत्रकार्याचे काम आहे, आणि त्याने पांघरूण घातले जात नाही, निघते.

तिसरा आक्षेप पैशाचा. ज्या तालुक्यातून दर दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात, जिथे पदवी मिळाली तरी नोकरीसाठी पुणे गाठावे लागते, तिथे परदेशातल्या अभ्यासाची भाषा चैनीची वाटेल. पण अशा ज्ञानाची गरज किती व्यावहारिक असते हे मराठवाड्याने नुकतेच अनुभवले. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा निजामकाळातले कागद उर्दूत आणि मोडीत निघाले आणि ते वाचणारी माणसे सरकारला शोधावी लागली. इनामी जमिनीचे मुंतखब, जुनी महसुली दफ्तरे, हैदराबादच्या पुराभिलेखागारातले दस्तऐवज यांवर आजही हजारो कुटुंबांचे हक्क अवलंबून आहेत. उर्दू, मोडी आणि दखनी जाणणारा पदवीधर हा इथे चैनीचा नाही, गरजेचा माणूस आहे. परदेश शिष्यवृत्त्या सरकार देतेच. पण त्या जागतिक क्रमवारीत वर असलेल्या विद्यापीठांच्या पूर्ण पदवीसाठी असतात. तीन महिन्यांच्या क्षेत्रकार्याला, इंडोनेशियातल्या किंवा इजिप्तमधल्या विद्यापीठाबरोबरच्या देवाणघेवाणीला त्यांत सहसा जागा नसते. एका विद्यार्थ्याच्या लंडनमधल्या एका वर्षाच्या खर्चात आशियातल्या देशांत अनेक विद्यार्थी एकेक हंगाम राहून येऊ शकतील. ज्याच्या आईवडिलांच्या हातात कोयता आहे अशा मुलालाही हे दार उघडे असले पाहिजे, म्हणूनच खर्च सरकारने करायचा.

करायचे काय, तेही सांगतो. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने आपल्या महाविद्यालयांतल्या फील्ड प्रोजेक्टसाठी तीन पायऱ्यांचा मार्ग आखावा. पहिल्या वर्षी तालुक्यात काम: उर्दू लिपीची ओळख, प्रश्न विचारण्याचे आणि ऐकण्याचे शिक्षण, शाळांची रजिस्टरे, एखाद्या गल्लीतल्या धंद्यांची नोंद, एखाद्या उरुसाची व्यवस्था कोण पाहतो आणि त्यात कोणत्या समाजाला कोणता मान असतो याची माहिती. दुसऱ्या वर्षी खुलताबाद, बीदर आणि हैदराबाद: तिथले दर्गे, तिथली दफ्तरे आणि तिथे स्थलांतरित झालेली आपल्या जिल्ह्यातली कुटुंबे. तिसऱ्या वर्षी, पहिल्या दोन पायऱ्यांवर उत्तम काम केलेल्या मोजक्या मुला-मुलींना सुराबाया, योग्याकार्ता किंवा इस्तंबूल इथे एक हंगाम. हे एकतर्फी नको. तिथले विद्यार्थी गंगाखेडला यावेत, इथल्या घरांत राहावेत, जनाबाईंच्या गावात हिंदू समाजाचा आणि मुस्लिम समाजाचाही अभ्यास करावा. आणि एक अट सर्वांना सारखी: परत आल्यावर मराठीत लिहायचे, आणि ते लिखाण महाविद्यालयाच्या कपाटात न ठेवता ज्या गावाविषयी आहे त्या गावाच्या ग्रंथालयात ठेवायचे.

एखाद्या समाजाविषयीचे ज्ञान कोण तयार करतो, त्यावरून त्या समाजाविषयी काय बोलले जाईल हे ठरते. आज मराठवाड्याच्या मुसलमानांविषयी बोलणाऱ्यांत निवडणुकीतले भाषण आहे, मोबाइलवर फिरणारा व्हिडिओ आहे आणि दूरच्या विद्यापीठातला ग्रंथ आहे. गावातल्या शिकलेल्या तरुणाचा आवाज त्यात नाही, आणि स्वतः मुस्लिम तरुणाचा तर जवळजवळ नाहीच. ही उणीव भरून काढायला मोठ्या संस्थेची किंवा मोठ्या निधीची वाट पाहायला नको. श्रेयांक मंजूर आहेत, रजिस्टरे शाळेत आहेत, माणसे गल्लीत आहेत. गंगाखेडच्या एका प्राध्यापकाने येत्या सत्रात दहा विद्यार्थी घेऊन पहिली पायरी चढावी. दुसऱ्या पायरीचा खर्च विद्यापीठाने मंजूर करावा आणि तिसरीसाठी राज्य सरकारने शिष्यवृत्तीच्या नियमांत एक कलम वाढवावे. एवढे केले तर दहा वर्षांनी दख्खनमधल्या मुस्लिम समाजावरचे पहिले उत्तम पुस्तक शोधणाऱ्याला ते मराठीत मिळेल, आणि त्याच्या लेखकाच्या नावाखाली परभणी जिल्ह्यातल्या गावाचे नाव असेल.